शंभर दिवस, शंभर किलोमीटर

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. या वाटेवरच्या घरांची दारं तेव्हा उघडीच असतात. ओसरीवर अनोळखी वारकरी पाठ टेकतात, अंगणात पंगती बसतात, कुणीही कुणाच्या पाया पडतं. पण ज्या घरात बोनमॅरो ट्रान्सप्लांट करून नुकतंच कुणी परतलेलं असेल, त्या घराला त्या वर्षी दार लोटून घ्यावं लागतं. ‘आत नका येऊ, बाहेरच बसा’ हे शब्द वारीच्या वाटेवरच्या माणसाला जिभेवर आणणं किती जड जातं, ते तिथल्यांनाच ठाऊक. तरीही ते म्हणावे लागतात. साधी सर्दी घेऊन आलेला पाहुणाही या रुग्णाला न्यूमोनिया देऊन जाऊ शकतो.

रक्ताचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा आजारांवर मूलपेशींचं प्रत्यारोपण केलं जातं. लोकांच्या तोंडी मात्र ‘बोनमॅरो’ हाच शब्द बसला आहे. बारामती-इंदापूरकडचे रुग्ण त्यासाठी पुणे-मुंबई गाठतात. पैसा कसा उभा राहणार आणि दाता कोण मिळणार, या दोन काळज्यांनी घर आधीच वाकलेलं असतं. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या बालसेवा योजनेत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. हे दोन्ही जमलं की घरच्यांना वाटतं, गड सर झाला. खरं तर तिथून पुढे एक वेगळीच लढाई सुरू होते आणि तिचा बराच भाग हॉस्पिटलबाहेर, रुग्णाच्या स्वतःच्या घरात लढला जातो.

रिकामे दिवस

ट्रान्सप्लांट म्हटलं की मोठं ऑपरेशन डोळ्यांपुढे येतं. पण रुग्णाच्या अंगावर यात चिरफाड नसते. आधी काही दिवस जबर केमोथेरपी, कधी जोडीला रेडिएशन देऊन त्याची स्वतःची मज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्तपेशी बनवणारा गर, रिकामी करतात. मग दात्याच्या, किंवा रुग्णाच्याच आधी काढून जपून ठेवलेल्या मूलपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. रक्तातून फिरत फिरत या पेशी हाडांच्या पोकळीत आपल्या आपण जाऊन बसतात. त्या दिवसाला डॉक्टर ‘डे झिरो’ म्हणतात. तिथून पुढचा एकेक दिवस मोजला जातो.

या मोजणीतले पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत कठीण. जुनी मज्जा गेलेली असते आणि नवी अजून रुजलेली नसते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. जंतूवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या त्यात मोठी असते. ही संख्या ५०० च्या खाली गेली की धोक्याची रेघ ओलांडली असं मानतात. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात ती काही दिवस जवळजवळ शून्यावर येते. जखमेत होणारा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. त्याच नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही, छातीच्या एक्स-रेवर डागही उशिरा उमटतो. जंतुसंसर्ग आत पसरत असतो आणि बाहेर एकच खूण दिसते, ती म्हणजे ताप.

रुग्णाला यासाठीच वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथली हवा हेपा फिल्टरमधून येते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण हा फिल्टर अडवतो. खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत शिरत नाही. एवढं करूनही जंतू आत असतातच, कारण ते रुग्णाच्या अंगातच असतात. केमोमुळे तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटून निघतं आणि एरवी पोटात गुण्यागोविंदाने राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएल्लासारखे जीवाणू त्या फटींतून रक्तात उतरतात. नर्स दिवसातून कितीतरी वेळा चूळ भरायला लावते, त्याचं कारण हे.

१९८३ सालच्या दोन गोष्टी

या उपचाराचा इतिहास म्हणजे जंतूंशी झालेल्या झुंजींचाच इतिहास आहे. अमेरिकी डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतला एकही रुग्ण शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. थॉमस मागे हटले नाहीत. दाता जुळवण्याचं शास्त्र आलं, नवी प्रतिजैविकं आली, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

भारतातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये २० मार्च १९८३ रोजी झालं. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. हे काम उभं केलं डॉ. सुरेश अडवाणी यांनी. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते चाकाच्या खुर्चीतूनच वॉर्डात फिरत. एका विषाणूने ज्यांचे पाय नेले, त्यांनी विषाणू-जीवाणूंच्या तावडीत सर्वांत सहज सापडणाऱ्या रुग्णांसाठी देशात वाट काढली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डेव्हिड व्हेटर या १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली गेली. प्रतिकारशक्ती नसतानाच तो जन्मला होता आणि जन्मापासून प्लास्टिकच्या निर्जंतुक तंबूत वाढला होता. बाहेरचा एकही जंतू त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून १२ वर्षं माणसांनी जिवाचं रान केलं. पण बहिणीच्या मज्जेतच एपस्टाइन-बार नावाचा विषाणू निद्रिस्त होता. तो डेव्हिडच्या शरीरात जागा झाला, त्यातून कर्करोग झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड गेला. शत्रू हवेतून, पाण्यातून येतो तसा दात्याच्या देणगीतूनही येऊ शकतो, हे त्याच्या मृत्यूने साऱ्या जगाला कळलं. आज दात्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताची विषाणूंसाठी कसून तपासणी होते.

तीन टप्पे, तीन शत्रू

नवी मज्जा रुजली, न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की वॉर्डात पेढे वाटले जातात. घरच्यांना वाटतं, सुटलो. इथे शत्रू फक्त बदलतो.

पहिल्या महिन्यात जीवाणू आणि कॅन्डिडासारखी बुरशी पुढे असते. तोंडाभोवती जर उठवणारा हर्पिसचा विषाणूही याच काळात उसळतो. त्याला अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी रोखता येतं. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत घडलं, त्या गर्ट्रूड एलिऑन यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

दुसरा टप्पा शंभराव्या दिवसापर्यंतचा. या काळातला मोठा शत्रू म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सीएमव्ही’. भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणीच शिरून गप्प बसलेला असतो. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती ढिली पडली की तो उठतो आणि फुप्फुसं, आतडी, डोळे धरतो. म्हणून या काळात दर आठवड्याला रक्त तपासतात आणि विषाणू वाढताना दिसला की लक्षणं येण्याआधीच औषध सुरू करतात. हवेतून फुप्फुसात शिरणारी अॅस्परजिलस ही बुरशीही याच टप्प्यात गाठते. जुना, दबलेला क्षयरोगही डोकं वर काढू शकतो.

तिसरा टप्पा शंभर दिवसांनंतरचा. न्यूमोकोकससारखे जीवाणू असतात आणि जोडीला नागीण. नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस दगावतो, असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. पण लेप लावून, मंत्र घालून नागीण उतरण्याची वाट पाहणं या रुग्णाला महाग पडतं, कारण त्याच्या अंगात ती सर्वभर पसरू शकते. पहिला फोड दिसताच डॉक्टरांकडे जायला हवं.

दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णांना आणखी एक संकट असतं. दात्याच्या पेशी कधी कधी नव्या शरीरालाच परकं समजतात आणि त्वचा, यकृत, आतडी यांच्यावर तुटून पडतात. त्यांना आवरायला स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात आणि ती दिली की जंतूंना पुन्हा रान मोकळं होतं. अशा रुग्णाची काळजी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यावी लागते.

गोठा, उकिरडा, पाचट

बरीच केंद्रं रुग्णाला पहिले शंभर दिवस हॉस्पिटलच्या जवळपास राहायला सांगतात. घरचे पुण्यात किंवा मुंबईत खोली भाड्याने घेतात, स्टोव्हवर पोळी-भाजी करतात, एक माणूस सतत सोबत राहतो. मग एक दिवस सुट्टी मिळते. गाडी सोलापूर रस्त्याला लागते आणि रुग्ण गावी येतो, जिथे ऊस आहे, गाई आहेत, दारातच शेणखताचा ढीग आहे.

अॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर मुबलक वाढतात. भिजलेला कडबा, पाचटाचा ढीग, उकिरडा, बगॅस ही या बुरशीची आवडती ठिकाणं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशी कारखान्यांची नावं घेत वाढलेल्या या भागात गाळप सुरू झालं की शिवारभर उसाची कापणी आणि पाचटाची उस्तवार चालते. निरोगी शेतकरी त्यातून रोज चालतो आणि त्याला काही होत नाही, कारण त्याच्या पांढऱ्या पेशी ते बीजाणू गिळून टाकतात. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला मात्र निदान पहिलं वर्षभर गोठा झाडणं, पाचट हलवणं, कडब्याची गंज उपसणं, खत भरणं यांपासून दूर ठेवायला हवं. घरात बांधकाम किंवा भिंतीची तोडफोडही याच काळात काढू नये, कारण उडणाऱ्या धुळीतही हीच बुरशी असते.

बुरशी म्हणजे काय, हे आता महाराष्ट्राला वेगळं सांगावं लागत नाही. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने राज्यात हाहाकार केला होता. कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांनी दुबळ्या झालेल्या शरीरात मातीतलीच बुरशी घुसली होती. लोकांसाठी नवा असलेला तो आजार रक्तविकाराच्या वॉर्डांना आधीपासून ओळखीचा होता.

जेवणाचं म्हणाल तर पूर्वी या रुग्णांना फळं, कोशिंबिरी सगळं वर्ज्य असे. इतक्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतातच असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पथ्यापेक्षा स्वच्छतेला महत्त्व आहे. ताजं, नीट शिजवलेलं, गरम अन्न. उकळून गार केलेलं पाणी. फळ धुऊन, सोलून. निरसं दूध मात्र कधीच नाही. बारामती-इंदापूर हा दुधाचा पट्टा आहे, धारोष्ण दुधाचं कौतुक घराघरांत आहे, पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. उजनीच्या पाण्यातली मासळी खायची तर पूर्ण शिजवून. विरजण, लोणचं, चिंचेचं पन्हं यांबद्दल प्रत्येक केंद्राचे नियम थोडे वेगळे असतात. तिथे शेजारणीचा सल्ला न घेता आपल्या डॉक्टरांचाच घ्यावा.

काही रुग्णांच्या छातीत किंवा दंडात औषधासाठी बसवलेली नळी घरी येतानाही तशीच असते. ती हाताळणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे, अंघोळीला ती झाकायची आणि तिच्यातून औषध सोडल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरली, तर नळीतच जंतू शिरला आहे असं समजून लगेच डॉक्टरांना कळवायचं.

पुसलेली पाटी

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ट्रान्सप्लांटनंतर शरीराची जुनी रोगओळख बरीचशी पुसली जाते. लहानपणी घेतलेल्या लशी, येऊन गेलेले आजार, यांतलं फारसं काही नव्या पेशींना माहीत नसतं. चाळिशीच्या माणसालाही तान्ह्या बाळासारखं पुन्हा लसीकरण करावं लागतं. न्यूमोकोकसची लस तीन ते सहा महिन्यांनी सुरू होते, मग बाकीच्या निष्क्रिय लशी. गोवरासारख्या जिवंत लशी दोन वर्षांच्या आत देत नाहीत. त्या काळात या माणसाचं रक्षण करते ती घरच्यांची आणि शेजाऱ्यांची लस. घरातल्या मोठ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेतली, शेजारच्या मुलांना गोवराचे डोस वेळेवर मिळाले, तर रुग्णाभोवती आपोआप कुंपण उभं राहतं.

पोलिओच्या थेंबांबाबत मात्र काळजी घ्यावी लागते. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या डोसात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. म्हणून घरात ट्रान्सप्लांटचा रुग्ण असेल, तर पल्स पोलिओच्या रविवारी आशाताईंना ते आधी सांगावं आणि धाकट्या भावंडाला इंजेक्शनची पोलिओ लस देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

तापाचा तास

या साऱ्यात सर्वांत नाजूक प्रश्न अंतराचा आहे. न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णाला ताप आला, तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावं, असं जगभरचं वैद्यकशास्त्र सांगतं. पुणे ते बारामती साधारण शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. रात्री दोनला ताप चढला, गाडी मिळवली, महामार्ग गाठला, तरी पुण्याच्या केंद्रात पोचेपर्यंत तीन तास सहज जातात. तो पहिला तास गावातच मिळवावा लागतो.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. ट्रान्सप्लांट इथे होत नसलं, तरी रक्ताचे नमुने घेऊन प्रतिजैविकाचा पहिला डोस देणं आणि मग रुग्णाला पुण्याकडे रवाना करणं इथे होऊ शकतं. त्यासाठी हवा रुग्णाच्या खिशात एक कागद. त्यावर आजाराचं नाव, ट्रान्सप्लांटची तारीख, चालू औषधं, अॅलर्जी, ताप आल्यास द्यायच्या पहिल्या औषधाचं नाव आणि केंद्राचा चोवीस तासांचा फोन. घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात हा कागद घेऊन जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना भेटून यावं. ओळख आधी झालेली असली की रात्री दोनला समजावत बसावं लागत नाही.

गावच्या दवाखान्यांनाही काही गोष्टी माहीत हव्यात. या रुग्णाला तापावर कमरेत सुई देऊ नये. प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं. पॅरासिटामॉल देऊन ‘उद्या बघू’ म्हणू नये, कारण ताप उतरला तरी जंतू थांबत नाही.

आणि प्रतिजैविकांची उधळण थांबवावी. साध्या सर्दीला चिठ्ठीशिवाय विकत घेतलेल्या, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून निगरगट्ट जीवाणू तयार होतात. आज भारतातल्या रक्तविकाराच्या वॉर्डांत कार्बापेनेमसारख्या भारी औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएल्ला हे एक मोठं भय आहे. तिथे कोलिस्टिनसारखं शेवटचं औषध वापरावं लागतं. हेच कोलिस्टिन कोंबड्या-जनावरांच्या खाद्यातून वाढीसाठी दिलं जाई. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. गोठ्यात आणि पोल्ट्रीत काय टोचलं जातं, याचा हिशेब शेवटी अशा रुग्णाच्या खाटेपाशी होतो.

बारामती-इंदापुरात ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी घरात चालू थर्मामीटर ठेवावा आणि दोन आकडे दर्शनी भिंतीवर लिहून ठेवावेत. ताप एकदाच १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर तो या रुग्णासाठी तातडीचा प्रसंग आहे. पाहुण्यांनी भेटीचा आग्रह धरू नये, फोनवर बोलावं. सर्दी-खोकला असलेल्याने त्या घराकडे फिरकू नये. आत जाणाऱ्या प्रत्येकाने हात साबणाने धुवावेत. आणि ताप भरला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, केंद्राला कळवावं आणि त्याच रात्री निघावं.